दहाव्याला उभा केलेला कंटेनर

वडिलांच्या दहाव्याला, नेवाशाला प्रवरेच्या घाटावर, मी ओल्या पंच्यात बसून लिनक्सवर कंटेनर उभा केला. हे मी शुद्धीवर असताना केलं.

झालं असं, की पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या दगडावर बसून नुसता बघत होता. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला."

आत्यानं सुरुवात केली. "दादा, तुमच्या लेकीकडं दिवाळीला जाऊ. दादा, पोरांना नीट सांभाळू." कावळा ढिम्म. तेवढ्यात दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे मिस्टर, मागून म्हणाले, "ते वाचनालयाचं सॉफ्टवेअर हो!"

कावळ्यानं मान वळवली. सगळ्यांनी पाहिली!

दादा गावातलं वाचनालय सांभाळायचे. नाव टाकलं की पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते दिसावं, एवढीच त्यांची अपेक्षा. मी कॉलेजात ग्रंथपाल. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली पुस्तकं वाचून शिकलेलो. (नुसती वाचून. तिथेच घोटाळा आहे.) ते विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचो, "आधी कंटेनर उभा करतोय." कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान भरलेला बंद डबा, आई प्रवासाला भरून देते तसा. कुठंही उघडा, आत सगळं जागच्या जागी. माझा मात्र धड उघडत नव्हता.

मी हात जोडले. "दादा, करतो. नक्की करतो."

कावळा दोन पावलं मागे सरकला.

"ह्येच ऐकत हुते ते इतकी वर्सं!" आत्या कडाडली. "आता न्हाई पटायचं त्यांना. आत्ता कर!"

"आत्या, इथे?"

"मग काय वैकुंठात?"

दाजींनी गाडीतून लॅपटॉप आणला. (दहाव्याला लॅपटॉप कोण नेतं? मी.) तुळतुळीत डोकं, गळणारा पंचा आणि मांडीवर लॅपटॉप. पहिली कमांड दिली. उत्तर आलं, परवानगी नाही. कमांडच्या आधी एक शब्द लावायचा असतो, तो मी दर वेळी विसरतो.

"सोताच्याच मशीनवर परवानगी न्हाई?" दाजींनी विचारलं.

"घरात तरी कुठं हाय त्याला!" आत्या म्हणाली. माझी बायको पदर सावरत नदीकडे बघू लागली.

तो शब्द लावला. आता डब्यातलं सामान इंटरनेटवरून उतरवायचं. नेट दाजींच्या मोबाईलचं. अर्ध्यात त्यांना फोन आला, आणि ते फोन कानाला लावून पायऱ्या चढू लागले. त्यांच्याबरोबर माझं नेटही चाललं! एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात पंचा, असा मी त्यांच्यामागे धावलो. वरून दाजींचा आवाज येत होता, "व्हय, दहाव्यालाच हाय. कावळा? न्हाई अजून. डाऊनलोड चाललंय!"

उतरलं. चालू केलं. नवं संकट: या डब्याची जागा आधीच कोणीतरी अडवली आहे.

"कोन बसलंय तिथं?" आत्यानं दचकून विचारलं. गुरुजीही थोडे मागे सरकले.

"मीच. माझा मागचा, अर्धवट डबा."

"मग उठव की त्याला!"

मी जुना डबा थांबवला, पुसून टाकला, नवा चालू केला. आणि चालू झाला! पांढरं पान, पुस्तकाचं नाव टाकायला चौकट. मी लॅपटॉप कावळ्याकडे फिरवला.

"यजमान, जरा उजेड वाढवा," गुरुजी म्हणाले. "उन्हात दिसत नसेल त्याला."

उजेड वाढवला. दादांच्या आवडत्या पुस्तकाचं नाव टाकलं. एकही पुस्तक सापडलं नाही. दुसरं टाकलं. तेही नाही. मग मला आठवलं. दादांनी खुर्चीत बसून एकेक नाव सांगितलं होतं आणि मी टाईप केलं होतं, ती सगळी यादी त्या जुन्या डब्यात होती. तिची प्रत मी ठेवली नव्हती.

दादा गेल्यापासून मला नीट रडू आलं नव्हतं. ते तिथे आलं, लॅपटॉपवर.

"पुस्तकं कपाटात हायेत ना?" आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग रडतो कशापायी?"

मी लॅपटॉप मिटला. "दादा, यादी गेली. मला हे जमत नाही. मी हे काम एखाद्या जाणत्या माणसाला..."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर!

"बघ," आत्या डोळे पुसत म्हणाली, "बाप वळखून हुता तुला."

वाचनालयाचं सॉफ्टवेअर पुढे एका बाईंनी करून दिलं. छान चालतं. मी अजूनही संध्याकाळी कंटेनर उभे करतो. फक्त अंगणात बसत नाही. तिथल्या लिंबावर एक कावळा येऊन बसतो, आणि मी लॅपटॉप उघडला, की ओरडायला लागतो!