एकच्या जागी एल

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी वर्ध्यात एका ऑफिसात प्रोग्रामर होतो. जिल्ह्यातल्या विहिरींची मोजणी झाली होती आणि तिचे कागद गठ्ठ्यांनी आमच्याकडे येऊन पडले होते. गावाचं नाव, विहीर किती खोल, उन्हाळ्यात पाणी किती फुटांवर. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं होतं. भरायचा प्रोग्राम मी लिहिला होता.

ऑफिसात एसी एकाच खोलीला होता, आणि ती खोली आमची. आमची म्हणजे माझी आणि नागपूरहून आलेल्या माझ्या जोडीदाराची. चपला बाहेर काढा, फ्लॉपीला हात लावू नका, दार उघडं ठेवू नका, असे नियम आम्हीच दारावर चिकटवले होते. मोठे साहेबही नुसत्या मोज्यांवर आत यायचे आणि त्यांची पाठ वळली की आम्ही हसायचो. दोघंही पंचविशीतले. ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही तो माणूस अर्धवट, असं आम्हाला मनापासून वाटायचं. एकमेकांची चूक सापडली की तो कागद लाल पेनानं रंगवून भिंतीवर लावायचा, ही आमची करमणूक होती. दोघंही तोडीस तोड असल्यामुळे कुणाला लागायचं नाही.

मग माहिती भरायला समुद्रपूरहून एक टायपिस्ट बदलून आले. पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशात टायपिंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट घडी करून ठेवलेलं. त्यांच्या बायकोचे उपचार सेवाग्रामला चालले होते, म्हणून त्यांनी ही बदली मागून घेतली होती. ऑफिस सुटलं की ते डबा घेऊन सायकलनं तिकडे जात. आम्हाला ते ‘साहेब’ म्हणायचे, आम्ही त्यांना ‘बाबूजी’.

बाबूजींची बोटं विलक्षण चालत. कीबोर्डकडे ते बघतच नसत. पण ओळ संपली की डावा हात आपोआप वर जाई आणि टाइपरायटरचा नसलेला दांडा ढकलून परत येई. जोडीदारानं त्याची नक्कल बसवली होती. चहाच्या टपरीवर ती रोज व्हायची.

दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी भरलेल्या माहितीत चुका यायला लागल्या. आकड्याच्या जागी अक्षर आलं की माझा प्रोग्राम शिट्टी मारायचा आणि ओळ परत भरायला लावायचा. बाबूजींच्या टेबलावरून दिवसभर शिट्टी. कारण मला तासाभरात कळलं. जुन्या टाइपरायटरवर एक या आकड्याचं बटणच नसतं. टायपिस्ट तिथे इंग्रजी छोटा एल मारतात, कागदावर तो एकसारखाच दिसतो. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. विहीर एकतीस फूट असली की ते तीन आणि एल मारायचे. पडद्यावर बघून त्यांना ते बरोबरच वाटायचं.

हे त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. प्रोग्राममध्ये एल आला तर एक समज, असं लिहायला चार मिनिटं लागली असती. मी जोडीदाराला सांगितलं. तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. “सांगू नको,” तो म्हणाला. “बघू किती दिवसांत कळतं.”

मी त्यापुढे गेलो. चूक झाली की पडद्यावर जी ओळ यायची, ती बदलून मी तिथे इंग्रजी अक्षरांत ‘गाढव’ लिहिलं. शिट्टी, आणि गाढव. शिवाय प्रत्येक चूक त्यांच्या नावासकट वेगळ्या फाइलमध्ये साठत जाईल, अशी सोय केली.

पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा बाबूजींनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे आले.

“साहेब, मशीन मले गाढव म्हणून राह्यली.”

“मशीनला काय कळतं बाबूजी? चुकलं की बोलते ती.”

“पण मी काय चुकून राह्यलो, थे तं सांगत नाई.”

“नीट बघून भरा,” मी म्हणालो.

ते नीट बघून भरू लागले. मधल्या सुट्टीत जेवायचे नाहीत, कागदावर पट्टी ठेवून एकेक आकडा बोटानं दाबायचे. तीस वर्षांचा वेग गेला. बोटं अडखळायला लागली. त्यामुळे आता खरोखरच्या चुकाही व्हायला लागल्या. तीन आठवडे हे चाललं.

एक दिवस मोठे साहेब काम किती झालं ते बघायला आले. काम मागे पडलं होतं. ते आमच्यावर येऊ नये म्हणून जोडीदारानं चुकांची फाइल प्रिंटरवर सोडली. प्रिंटर करकरत राहिला, जोडकागदाची घडी टेबलावरून खाली लोंबत जमिनीला टेकली. प्रत्येक ओळीत बाबूजींचं नाव. ते तिथेच उभे होते. साहेबांनी कागद हातात न घेताच विचारलं, “यांना परत कधी पाठवता येईल?”

समुद्रपूरला परत जाताना बाबूजींनी मला व्हरांड्यात गाठलं. “साहेब, माही चूक कोनती होती, थेवढं सांगा. मनाले लागून राह्यलं.”

तेव्हाही मी सांगू शकलो असतो. पण मग तीन आठवडे का गप्प होतो, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, “वय झालं बाबूजी. या वयात नाही जमत.”

त्यांनी मान हलवली. मला नमस्कार करून गेले.

त्यांच्या जागी आलेली मुलगीही टायपिस्टच होती. तिनं पहिल्या सकाळीच एकच्या जागी एल मारला. मी लगेच प्रोग्राम बदलला. साहेब म्हणाले, याला म्हणतात लोकांची सोय बघणं.

दीड वर्षानं मी नागपूरहून परत येत होतो. जामच्या फाट्यावर गाडी बदलायला उतरलो, तर बाकावर बाबूजी बसले होते. डोक्यावर केस नव्हते, नुकतेच थोडे उगवत होते. बायको गेल्याचं त्यांनीच सांगितलं. समुद्रपूरहून सेवाग्रामला रविवारीच जाणं व्हायचं, आणि ती मंगळवारी गेली.

मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. एल, एक, गाढव, चार मिनिटं. बोलताना मला हलकं वाटत होतं, हे मला स्वच्छ आठवतं. ते माफ करतील अशी माझी खात्री होती. म्हातारा माणूस, साधा माणूस.

“तुमाले तवाच मालूम होतं?”

“हो.”

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“मंग आता काऊन सांगतलं?” ते म्हणाले. “मी समजत होतो, मले जमलं नाई म्हून परत जा लागलं. तिलेही तसंच सांगतलं होतं. तिनं मानलं होतं.”

समुद्रपूरची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली, माझ्याकडे न बघता चढले, आणि माझ्या बाजूची खिडकीची जागा रिकामी असूनही पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.