मासोळी सोमवार

लोक मासे खातात. मला माशांनी खाल्लं. चौघांनी मिळून, काट्यासकट! हसा, हसा. वर्ध्यात ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते सगळे आधी हसले आणि मग म्हणाले, "असं कसं गं केलंस?" अहो, मलाही तेच विचारायचंय. पण विचारू कोणाला?

झालं असं, की मी नुकतीच एमएस्सी होऊन कॉलेजात प्राणिशास्त्राची टेंपररी डेमॉन्स्ट्रेटर लागले होते. टेंपररी म्हणजे उन्हाळ्यात काढायचं आणि पावसाळ्यात पुन्हा घ्यायचं. घेतलं तर! पण त्या वर्षी जागा पक्की भरायची होती. मुलाखत आठवड्यावर आलेली आणि निवड समितीत आमचे हेड सर. त्यांच्याच घरामागच्या खोलीत मी भाड्याने राहायची. आणि सरांच्या बैठकीत होती ती माशांची काचेची पेटी. दोन सोनेरी मासे, दोन काळ्या पट्ट्यांचे. सर विद्यार्थ्यांशी कधी धड बोलत नसत, पण माशांची मात्र रोज विचारपूस करत.

सरांच्या मिसेस लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला होत्या. बारशासाठी सरही निघाले. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हवेचा पंप तेवढा बंद पडू देऊ नका. तुम्ही झूऑलॉजीच्या, तुम्हाला काय सांगायचं!"

सांगायला हवं होतं हो! एमएस्सीपर्यंत माझ्या हाताखालून जे जे प्राणी गेले, ते सगळे एक तर फॉर्मॅलिनमधले, नाहीतर ट्रेमध्ये टाचण्या टोचलेले. जिवंत प्राणी जिवंतच कसा ठेवायचा, हे कुठल्याच प्रॅक्टिकलला नव्हतं. त्यातून माझा स्वभाव हा असा. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. पोस्टमनने घंटी वाजवली तर हात आधी छातीवर जातो, मग कडीवर.

श्रावणी सोमवार होता. कॉलेजला सुट्टी. सकाळी न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून मी माशांना खाणं घालायला गेले आणि लाइट गेली. पंपाची बुडबुड थांबली.

जरा वेळाने चारही मासे वर आले आणि तोंडं बाहेर काढून आ-आ करायला लागले. मीही त्यांच्यासमोर उभी राहून आ-आ करायला लागले. दुसरं काय करणार? मग सुचलं, की पाणी उंचावरून ओतलं तर त्यात हवा मिसळते. स्वयंपाकघरातला पितळी गडवा आणला. पेटीतलंच पाणी भरून घ्यायचं, हात उंच करायचा आणि बारीक धार सोडायची. पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायची. मासे खाली गेले! मी थांबले, तर पुन्हा वर. म्हणजे आता थांबायची सोय नाही. तोंडाने माझी पुटपुट चालू, "मरू नका रे राजांनो, एवढा एक आठवडा मरू नका."

तेवढ्यात खिडकीत शेजारच्या कुबडेकाकू उगवल्या. सरांच्या अंगणातला बेल तोडायला आल्या होत्या. आता त्यांना काय दिसलं असेल, तुम्हीच बघा. श्रावणातला सोमवार, लग्नाची पोरगी, ओले केस, हातात गडवा, अखंड धार आणि ओठांवर काहीतरी मंत्र!

"काय करून राह्यली वं पोरी?"

"बोलू नका काकू, धार तुटेल!"

"तुटली त काय होते?"

"सगळं संपतं. माझं वाटोळं होतं!"

काकू आत आल्या. आवाज एकदम खाली. "काही खाल्लं का नाई सकाळपासून?"

"कुठलं खाणं? चहासुद्धा नाही."

"निर्जळी! बाप्पा बाप्पा!" काकूंनी पेटीला हात जोडले. "सांगत त जाय ना वं. आमी का परके हाओ? आमच्या नलूचे तीन-तीनदा पोहे झाले, एकाचाबी होकार नाई, अन् तू एकटीच गुपचूप नवऱ्यासाठी व्रत करून राह्यली!"

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण हाताला मुंग्या आल्या होत्या, आणि काकू म्हणाल्या, "दमली तू. आण इकडे गडवा. मी धरतो धार."

खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी गडवा दिला.

"नले! ए नले! न्हाऊन ये लवकर!" काकूंनी तिथूनच हाक मारली. नलू आली. नलूमागे तिची मावशी, मावशीमागे गल्लीतल्या दोघी-तिघी. माझ्या मनात आलं, हात वाढले, मासे जगले! मेली अक्कल ती.

मग आल्या देशपांडेवहिनी. आमच्या गल्लीत व्रताचा शेवटचा शब्द त्यांचा. पेटी बघितली, मला बघितलं आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे. पण कहाणी कुठली याची? कहाणी नाही ते व्रत कसलं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. काकूंचा हात थांबला. धार तुटली. एक सोनेरी मासा वर आला, आ करून.

"आटपाट नगर होतं!" मी किंचाळलेच. "तिथे... तिथे एक राजा होता. राजाला एक मासा होता. माशाला दम लागायचा. राजकन्येनं दर सोमवारी धार धरली, तिला मनासारखा नवरा मिळाला. आणि हो, लाइट येईपर्यंत धार सोडायची नाही आणि पाण्यात काहीही टाकायचं नाही! उतायचं नाही, मातायचं नाही, टाकायचं नाही!"

"टाकायचं नाही कसं?" वहिनी म्हणाल्या. "देवाला काय कोरडाच ठेवायचा? एवढं शिकून एवढंही कळत नाही? नले, दूध आण."

"वहिनी, नको हो!"

"तू गप बस गं. पहिल्यांदा करत्येस, राहतं काही काही."

आधी हळद पडली. मग कुंकू. मग अक्षता, बेल आणि वरून कच्च्या दुधाचा अभिषेक. मी "नको, नको" म्हणत होते, त्या "लाजते बिचारी" म्हणत होत्या. पाणी गुलाबी झालं. मासे दिसेनासे झाले. धार मात्र कोणी तुटू दिली नाही!

मग कुबडेकाका दारात. "काऊन वं, आज जेवाले भेटन का नाई? तिकडं चूल थंडी, अन् इथं काय मेळा भरवून राह्यल्या?"

"व्रत हाय. लाइट येईस्तोवर बाई थांबा म्हणते," काकू म्हणाल्या.

"लाइट? लाइट त कवाचीच आली! पंख्याखाली झोप काढून आलो मी."

आता एक बारीकशी गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. लाइट जाताना मीटरच्या बोर्डात 'चर्र' झालं होतं. मी दचकले होते. आणि दचकून मी मेन स्विच खाली ओढला होता. म्हणजे अख्ख्या गल्लीत लाइट कधीच परत आली होती. फक्त सरांच्या घरात नव्हती. ती मी अडवली होती.

गेले. स्विच वर केला. पंप झक्क सुरू झाला. बुडबुड, बुडबुड. गुलाबी फेस आला, आणि त्या फेसातून चारही मासे एकामागून एक वर आले. पोटं वर करून.

वहिनींनी हात जोडले, "चारही दर्शनाला आले!"

"पावलं वं माय, पावलं!" काकू म्हणाल्या, आणि सगळ्या बायका जमिनीला टेकल्या. माशांचे कल्ले हलतात का बघायला मी आधीच गुडघ्यावर बसले होते. त्यांना वाटलं, मीच पहिली वाकले.

आणि दारात सर. हातात सूटकेस आणि बारशाचे पेढे.

"या सर, या! तुमच्याच घरून सुरुवात झाली," म्हणत काकूंनी त्यांच्या हातावर केळ्याचा प्रसाद ठेवला. सरांनी पेटी बघितली. अगदी हळू विचारलं, "हे पाण्यात कोणी टाकलं?"

"आम्ही!" सगळ्या एका सुरात, अभिमानाने.

"आणि हे सगळं सांगितलं कोणी?"

सगळी बोटं माझ्याकडे. "हिनं!"

सरांनी मला पेढासुद्धा दिला नाही. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मासे श्वास कसा घेतात?" मी सगळं सांगितलं. कल्ले, रक्तवाहिन्या, पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, एकही चूक नाही. सरांनी मान डोलावली, म्हणाले, "वा! येतं तर सगळं," आणि जागा दुसऱ्या मुलीला दिली. तिला खरं तर वनस्पतिशास्त्र हवं होतं, तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून ती इकडे आली होती. आता मी एका शाळेत शिकवते. तिथेही टेंपररीच.

पण खरी गंमत पुढे आहे. मार्गशीर्षात नलूचं लग्न ठरलं! मुलगा देवळीचा, सरकारी नोकरीतला. झालं! वर्ध्यापासून देवळीपर्यंत 'मासोळी सोमवार' घरोघर गेला. माझीच कहाणी, माझीच धार. देशपांडेवहिनींनी त्यात कणकेचे मासे आणले, कारण ते मरत नाहीत. हे त्यांना तेव्हा सुचलं असतं तर आज मी कॉलेजात असते. पुढच्या वर्षी नलूच्या मावसबहिणीचं जमलं. मग देशपांड्यांच्या भाचीचं. मग त्या वनस्पतिशास्त्रवालीचं!

आणि मी? मला दर श्रावणात उद्यापनाची आमंत्रणं येतात. प्रत्येक उद्यापनाला एक कुमारिका जेवू घालावी लागते ना!

परवा नलूकडे गेले होते. कडेवर पोरगं घेऊन तिने माझे पाय धुतले, कुंकू लावलं, वाटीभर खीर पुढे केली आणि मोठ्या मायेने म्हणाली, "बाई, दरसाल येजा बरं. बाकीच्या पोरीईचा काही भरोसाच नाई, लग्न करून चालल्या जातेत. तुमच्यावानी पक्की कुमारिका अख्ख्या वर्धेत दुसरी नाई."

नोकरीत नाही, पण कुठेतरी पक्की झाले एकदाची!