नाव न घेता

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती भिंगं घासायची. फिरत्या चाकावर काच धरून ती फ्रेमच्या आकाराला आणायची, कडा बोटाने चाचपायची आणि मगच बसवायची. पिण्याच्या काळात तिच्या हातून इतकी भिंगं तडकली, की मालकाने शेवटी हात जोडून तिला घरी पाठवलं होतं. वर्षभर थेंबही न घेता राहिली, तेव्हा त्यानेच परत बोलावलं. त्यालाही आता आठ वर्षं होत आली होती.

हे जमलं ते दारू सोडणाऱ्यांच्या मंगळवारच्या बैठकीमुळे. शाळेचा रिकामा वर्ग, पहिलीच्या पोरांचे बाक आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दहा-बारा मोठी माणसं. आडनाव सांगायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि इथे ऐकलेलं इथेच ठेवून जायचं. तिथे सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. तिथेच तिला नर्सताई भेटली. इस्पितळातून निवृत्त झालेली, पंचवीस वर्षं दारूपासून लांब असलेली, आणि बोलणं असं की दगडालाही पाझर फुटावा. पहिल्या वर्षी चष्मेवाली तिला दिवसाला चार-चार फोन करायची. नर्सताईने एकही चुकवला नाही. पुढे जे झालं त्यानेही हे खोटं ठरत नाही.

पोटात दाबून ठेवलेलंच माणसाला बाटलीकडे ओढून नेतं, म्हणून एका कुणापुढे तरी सगळं ओकून टाकायचं, अशी तिथली रीत. चष्मेवालीने नर्सताईच्या स्वयंपाकघरात बसून ते सांगितलं. मुलगी चार वर्षांची असताना ती पिऊन, तिला कडेवर घेऊन जिना उतरत होती. पाय सरकला, पोरीचं कोपर मोडलं. तोंडाला वास येत असताना दवाखान्यात जायचं कसं, म्हणून ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली. हात वाकडाच जुळला. पोरगी खुर्चीवरून पडली, असं तिने जगाला सांगितलं, आणि पोरीलाही.

नर्सताईने तिचा हात हातात घेतला. म्हणाली, "माझ्यापाशी आलं ते विहिरीत गेलं असं समज."

सहा वर्षं ते विहिरीतच होतं. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली, होस्टेलवर राहू लागली. एका शुक्रवारी संध्याकाळी ती अचानक घरी आली आणि बॅग खांद्यावरून न उतरवताच दारात उभी राहिली.

"आई, मी खुर्चीवरून पडले होते ना?"

"हो," चष्मेवाली म्हणाली. इतक्या वर्षांची सवय. जीभ मनाच्या आधी बोलून गेली.

मग मुलीने सांगितलं. कॉलेजात व्यसनावर व्याख्यान होतं, नर्सताई आली होती. तिने एका बाईची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. भिंगं घासते, एवढंच म्हणाली. मग जिना आला, कोपर आलं, दुसऱ्या दिवशीचा दवाखाना आला. शेजारी बसलेल्या दोघींनी वळून मुलीच्या वाकड्या हाताकडे पाहिलं.

"दोनशे मुलींना माहीत झालं," मुलगी म्हणाली. "आणि मला तू आत्ता परत खोटं सांगितलंस."

ती थांबली नाही, आल्या पावली परत गेली.

त्या मंगळवारी चष्मेवालीने सगळ्यांसमोर नर्सताईला विचारलं. नर्सताई गडबडली नाही. मी नाव कुठे घेतलं, असं तिने शांतपणे विचारलं. तुझ्या दुःखामुळे एखादी पोर वाचली तर ते सार्थकीच लागलं, असंही म्हणाली.

"ते वाटत फिरायला दिलं नव्हतं, ताई," चष्मेवाली म्हणाली. "सांभाळायला दिलं होतं."

 एक रिटायर्ड ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, की ताईंनी आपल्यातल्या किती जणांना उभं केलंय, तेही बघायला हवं. दोन-तीन माना हलल्या. नर्सताईच्या बोलण्यापेक्षा त्या माना तिला जास्त लागल्या. जो नियम सगळे दर मंगळवारी मोठ्याने वाचत होते, तो माणूस बघून वाकत होता.

ती उठून बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोर पाय आपोआप थबकले. अशा वेळी फोन लावायचा, हे अंगवळणी पडलेलं. अंगठा नंबरावर गेला आणि तिच्या लक्षात आलं, तो नंबर नर्सताईचा आहे. बैठकीतल्या दुसऱ्या कुणाचाच नंबर तिच्याकडे नव्हता. नऊ वर्षांत तिने एकाच खुंटीला सगळं टांगलं होतं.

ती फुटपाथवरच बसली. बऱ्याच वेळाने आपल्या मालकाला फोन करून म्हणाली, मला इथून न्यायला या. त्याने एक शब्द न विचारता स्कूटर आणली.

आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, गुरुवारच्या बैठकीला जाते. बोलते, पण हातचं राखून. मुलीला तिने सगळं लिहून पाठवलं, वेळेसकट, वासासकट. महिन्याभराने मुलीचा फोन आला. कोपराच्या जुन्या एक्स-रेची फिल्म घरात आहे का, एवढंच तिने विचारलं. आहे, म्हटल्यावर ठेवला.

दारू सोडून नऊ वर्षं पूर्ण झाल्याचं बैठकीतलं मेडल नर्सताईच्या हातून घ्यायचं, असं कधीचं ठरलं होतं. नर्सताईने निरोपही धाडला, की मी येते. चष्मेवालीने कळवलं, नको. गुरुवारच्या वर्गात दारू सोडून जेमतेम सहा दिवस झालेली, पहिल्यांदाच आलेली एक बाई होती, तिलाच तिने द्यायला सांगितलं. त्या बाईचा हात इतका थरथरत होता, की मेडल दोनदा खाली पडलं.