विहीणबाईंनी दिलेलं तेजपान

मुलीचं लग्न झालं त्या वर्षी विहीणबाईंनी कोकणातून तेजपानाचं एक रोप पाठवलं. आमच्या चिखलीच्या घरामागे, न्हाणीघराच्या भिंतीलगत मी ते लावलं. दोन वर्षांत ते माझ्या खांद्याला लागलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात एकाएकी पिवळं पडू लागलं. पाऊस नसेल त्या दिवशी मी बादलीभर पाणी घालायची, तरी पानगळ थांबेना. त्यातच मुलीचा फोन आला, "आई, दिवाळीनंतर सासूबाई तिकडे येणार आहेत." त्यांना हे झाड कसं दाखवायचं?

आमच्याकडे निंदायला उंद्रीच्या एक बाई येतात. त्यांनी बुंध्याजवळची माती चिमटीत दाबून पाहिली.

"मॅडम, काऊन इतकं पाणी पाजून राह्यल्या याले? काळी माती हाय ही, पाणी सोडत नाही. मुळं सडली असतीन."

"मग आता?"

"उपटून पाहा लागते."

माझा धीर होईना. शेवटी यजमान म्हणाले, "तसंही जातंच आहे ते. पाहू तर खरं."

बाईंनी चारी बाजूंनी खणून झाड अलगद बाहेर काढलं. अर्धी मुळं काळी, बुळबुळीत झाली होती. त्यांनी ती पांढरं लागेपर्यंत कापली, थोड्या फांद्याही उतरवल्या. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे आणि मुरूम टाकला, वर रेती आणि जुनं शेणखत मिसळलेली माती घालून उंचवटा केला. झाड पुन्हा बसवलं आणि वर माझ्या जुन्या साडीची सावली बांधली.

"आता माती कोरडी लागल्याबिगर पाणी द्याचं नाही," त्यांनी मला बजावलं.

तेच सगळ्यात अवघड होतं. सवयीने मी बादली भरायची, झाडापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. यजमान हसायचे, "बादली लपवून ठेवू का?"

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी शेंड्याला दोन कोवळी पानं दिसली, तांबूस गुलाबी, ओली वाटावीत अशी तुकतुकीत. मी इतक्या जोरात हाक मारली की यजमान अर्धी दाढी तशीच ठेवून, तोंडाला फेस असताना धावत आले.

विहीणबाई आल्या त्या दिवशीच मी सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या, मग पदर तोंडाशी धरून हसायलाच लागल्या.

"ताई, मी रोपं दोन आणली होती. माझं पहिल्याच पावसाळ्यात गेलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली हो!"

तोवर लग्नघरातल्या मानपानाइतकीच आमची ओळख होती. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून मसालेभात केला. उंद्रीच्या बाईंनाही जेवायला थांबवून घेतलं. जेवण झाल्यावर विहीणबाईंनी त्यांना मुरूम किती, रेती किती, सगळं विचारलं आणि त्यांचा नंबर मोबाईलमध्ये घेतला. आता त्यांनी नवं रोप आणलंय, आणि काही अडलं की त्या मला नाही, थेट बाईंनाच फोन करतात.