पाच इंचांची पायरी

सुतारकाकांनी आयुष्यभर लोकांचे जिने केले, पण एकालाही कधी विचारलं नाही की बाबा, तुमचे गुडघे कसे आहेत. सात इंचांची पायरी, ठोक खिळे, चल पुढे. आता स्वतःच्याच माळ्यावर राहायची खोली करायची वेळ आली, आणि गुडघे होते काकूंचे.

झालं असं की मुलाचं लग्न झालं. घरात झोपायची खोली एकच. नवी जोडी बाहेरच्या खोलीत आल्यागेल्याला चुकवत किती दिवस झोपणार? मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याचं घर बघायला लागला. काकू तोंडाने "जा, सुखात राहा" म्हणाल्या आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. ते काही काकांना बघवेना. म्हणाले, "आपण दोघं माळ्यावर जाऊ."

"शिडीवरून? मी?" काकूंनी विचारलं.

महिनाभर काका माळ्यावरच. अडगळ काढली, जमिनीला फळ्या ठोकल्या, छपराच्या उतारात खिडकी बसवली. मग जिना. काकूंना एकावर एक रचलेल्या फळ्यांवर चढायला लावायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. पाच इंचांना चेहरा वाकडा झाला नाही, पाच इंच ठरले. एकोणीस पायऱ्यांनी बाहेरची अर्धी खोली गिळली. शेजारी हसले. हसेनात का.

काकू कठडा धरून आरामात वर गेल्या. खिडकीतून डोकावल्या, खूश झाल्या. परतताना मात्र पहिल्याच पायरीशी थबकल्या. दुखऱ्या गुडघ्याला चढणं सोसतं, उतरणं नाही, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यात कठडा आता भलत्याच हाताला. काका खाली उभे, रडायचेच बाकी राहिले होते.

"तोंड काय पाडताय?" काकू वरच्याच पायरीवर बसल्या. "या बाजूलाही कठडा ठोका. तोवर मी इथेच आहे."

संध्याकाळपर्यंत बसल्या. सुनेने ताट वर नेऊन दिलं. काका ठोकत होते आणि काकू वरून "तिथे तासा जरा, हाताला कुसळ लागेल" सांगत होत्या. मग दोन्ही कठडे धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत त्या उतरल्या. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

खाली पोचल्यावर मुलाला म्हणाल्या, "ते घर बघणं बंद कर. आणि आमच्या गाद्या वर ने."