पाठवणाऱ्यास सात दिवसांची नोटीस

अख्ख्या कुंभकोणमात, बहुधा साऱ्या जगात, मोबाइलवर आलेलं गुलाबाचं चित्र काढून टाकण्याआधी ते पाठवणाऱ्याची परवानगी मागणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आतोबांनी रेल्वेच्या पार्सल कचेरीत उभी नोकरी काढली. विड्याच्या पानांच्या करंड्या, पितळी समयांचे खोके, एकदा तर जिवंत बदकांची जोडी, असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आणि त्यातला एक नग म्हणून हरवला नाही, हे ते आजही छाती काढून सांगतात. आत्या गेल्यापासून मेलकावेरीच्या घरात ते एकटेच असतात. मुलगी पुण्याला. मी पापनाशमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून त्यांच्या मोबाइलची वैद्य मीच. दर रविवारी बसने जाते, कॉफी पिते आणि डोकं धरून परत येते.

डाउनलोड करायला आतोबांना कोणी शिकवावं लागलं नाही. बाण दिसला की ते दाबतात. अडतं ते पुढे, कारण उतरलेली फाइल गेली कुठे हे त्यांना कळत नाही. मग ते पुन्हा बाण दाबतात. एकदा त्यांच्या रक्ततपासणीचा एकच रिपोर्ट मोबाइलमध्ये अकरा वेळा निघाला. मी कपाळावर हात मारला, पण आतोबा खुशीत होते. दुसऱ्या प्रतीपासून प्रत्येकीच्या नावापुढे मोबाइलने कंसात एक, दोन, तीन असे आकडे घातलेले, आणि पार्सलवाल्याला त्याचा अर्थ एकच ठाऊक: माल एक, नग अनेक. "पहिल्या नगाची चिठ्ठी वाटेंत फाटली दिसते," ते आमच्या घरच्या जुन्या मराठीत म्हणाले. "अकरा आले. बारावा यायचा आहे, गे. डझन पुरा झाल्यावांचून डॉक्टरास काय दाखवूं?" त्या बाराव्या नगाची वाट पाहत हा गृहस्थ साखर वाढलेली असताना आठवडाभर गोड कॉफी पीत बसला होता.

मी त्यांना फाइल्सचं ॲप उघडून दाखवलं, डाउनलोड्सचं फोल्डर दाखवलं. सगळं उतरलेलं इथेच असतं, म्हटलं. आतोबांनी चष्मा वर करून त्या यादीवरून नजर फिरवली. "गोदाम आहे, पण फळ्यांस नंबर नाहीं. कारकून कोण आहे इथला?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी ती जागा स्वतःच भरली. दुसऱ्या रविवारी लांबट वही तयार होती. आल्याची तारीख, पाठवणारा, नगाचं वर्णन, कुठे ठेवला. वर्णनाच्या रकान्यात 'गुलाब, तांबडा, दंव पडलेला, एक' अशी नोंद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे.

आणि मग मोबाइल भरला. जागा नाही, जागा नाही, असं तो तासातासाला ओरडू लागला. मी सरळ म्हटलं, आतोबा, काढून टाका हे गुलाब आणि हे देवांचे फोटो. ते असे दचकले की मी जणू शेजाऱ्याची गाय विकायला काढली. बेवारस माल झाला तरी पाठवणाऱ्याला कळवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. "त्यांस पुसल्यावांचून कसें काढूं? सात दिवसांची नोटीस तरी द्यायला नको?" आणि त्यांनी खरोखरच नोटिसा द्यायला सुरुवात केली. रोज सकाळी नाश्ता झाला की वही उघडायची आणि एकेकाला फोन लावायचा. तुम्ही धाडलेला मुरुगन माझ्यापाशी आहे, परत हवा की काढू? हे अर्थात तमिळमध्ये. तिरुविडैमरुदूरच्या एका बाईंना वाटलं, हे आपला देव परत करताहेत. त्या रडायलाच लागल्या. समजूत घालायला आतोबा बसने गेले आणि तिथेच जेवून आले. इतरांच्या बाबतीत परवानगी अर्ध्या मिनिटात मिळे, पण मग गुडघ्यांचा विषय निघे, कावेरीच्या पाण्याचा निघे, कुणाच्या सुनेचा निघे. एका गुलाबाला अर्धा तास. मला वाटायचं, काय हा वेळेचा नास! माझ्या स्वतःच्या शाळेच्या फोटोंबद्दलही मला वर्ग चालू असताना नोटीस यायची, आणि मी "काढा हो काढा" म्हणून खेकसायची.

खरी पंचाईत नातीच्या बारशाला झाली. पुण्याहून बारशाचा व्हिडिओ आला आणि तो उतरेना. आतोबा अगदी रडवेले झाले. मी यादी वजनाने लावली. सगळ्यांत वर एक पाऊण तासाचा व्हिडिओ होता, नुसता काळोख. पार्सल कचेरीतल्या त्यांच्या जोडीदाराने पाठवलेला. मोबाइल शर्टाच्या खिशात चालू राहिला आणि त्यांची अख्खी बाजारफेरी त्यात उतरली होती. वांग्यांवरून घासाघीस, बसचा हॉर्न, खोकला, आणि शेवटी आमच्या आतोबांचंच नाव घेऊन दिलेली एक शिवी. हा काढला की नात मावते, मी म्हटलं.

आतोबांनी वही पुढे केली. त्या ओळीत नोटिशीचा रकाना कोरा होता. "तो कार्तिकांत गेला. नोटीस कोणास देऊं, सांग मजला."

मग मी आणि त्यांच्या मुलीने मिळून काय करायचं ते केलं. नवा मोबाइल आणला, जुन्याच्या आठपट जागेचा. त्यात काळोख गेला, बारसं गेलं, मुरुगन गेले, गुलाब गेले, अकराच्या अकरा रिपोर्टही आत गेले. नात रडताना पाहून आतोबा स्वतः रडले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि बस पकडली.

त्यानंतर दोन रविवार शाळेच्या परीक्षांमुळे मला जाता आलं नाही. तिसऱ्या रविवारी बसमध्ये त्या मुरुगनवाल्या बाई भेटल्या. माझा हात धरून विचारू लागल्या, आतोबा बरे आहेत ना? फोन नाही त्यांचा, बरेच दिवस. तेव्हा लक्षात आलं की मलाही नाही.

आतोबा ओसरीवर बसले होते. वही मिटलेली, तिच्यात पेन तसंच. प्रकृती चांगली होती, साखर ताब्यात होती. फोन का नाही, मी विचारलं.

"कोणास काय म्हणून करूं?" ते म्हणाले. "नोटीस द्यायची वेळच येत नाहीं. जागा फार झाली आहे, गे."

मी कॉम्प्युटर शिकवते. एवढं साधं मला कळलं नाही, याची मला अजून लाज वाटते. नुसते गप्पा मारायला फोन करा, असं त्यांना सांगून पाहिलं. पण कामाशिवाय दुसऱ्याची सकाळ मोडायची नाही, हीही त्यांची शिस्तच.

म्हणून हल्ली मी त्यांना शाळेच्या संमेलनाचे व्हिडिओ पाठवते, पूर्ण लांबीचे, एक सेकंदही न कापता. त्या बाईंनाही बजावून ठेवलं आहे की नुसता गुलाब चालणार नाही, देवळातल्या अख्ख्या उत्सवाचा व्हिडिओ पाठवा. माझ्या अंदाजाने या गतीने तो मोबाइल भरायला अजून चार वर्षं लागतील. आतोबांना येत्या तै महिन्यात ब्याऐंशी पुरी होतील. कालपासून मी रोज दोन पाठवते.