पहिला घड

कुंडल गावात द्राक्षबागेचं वय विचारतात, तेही दिवसांत. छाटणी झाली की दुसऱ्या दिवशी बाग एक दिवसाची. शालूबाईंना स्वतःचं वय धड सांगता येत नव्हतं, पण बागेचं विचारा, झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगत.

त्यांची बाग वाईनच्या द्राक्षांची. बारीक काळे मणी, आत ठळक बिया. पाहुण्यांपुढं ठेवायची सोय नाही. नवऱ्यानं, गुंडाअण्णांनी, हौसेनं लावली तेव्हा भावकीनं भरपूर चेष्टा करून घेतली. अण्णांचा एक नेम होता. तोडणीचा पहिला घड बांधाकडच्या पहिल्या वेलीचा, आणि तो तोडायचा ऋषिराजनं, म्हणजे पोरानं. पुढं अण्णा गेले, ऋषिराज फौजेत गेला, आणि सहा वर्षं तो घड शालूबाईच तोडत आल्या.

यंदा ऑक्टोबरात छाटणी उरकली त्याच संध्याकाळी त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि पोराला फोन लावला. "फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाक. बाग एकशेचाळीस दिवसाची व्हईल बग." रजा मिळालीही.

शालूबाईंनी दिवस मोजले, पण पाऊस आणि थंडी त्यात धरायची राहिली. दिवाळीत पाऊस लागून राहिला, कोवळ्या फुटीवर डावणी रोग आला, फवारून फवारून निम्मे घड वाचले. जानेवारीत तर अशी थंडी धरली, की मण्यांत साखर भरेना.

ऋषिराज आला तेव्हा मणी काळे झाले होते, पण आंबट. वाईनच्या कारखान्याचा माणूस साखर मोजायच्या मीटरच्या काचेवर रस पिळून बघायचा आणि मान हलवायचा. "बावीस लागती, मावशी. एकोणीसच हाय." रोज तेच. रजेच्या शेवटच्या दिवशी ऋषिराज पहिल्या वेलीखाली जाऊन उभा राहिला.

"आई, तोडू का एक? नावाला?"

"नगं. कच्च्या घडाचा मुहूर्त तुज्या बापानं कवा केला न्हाई."

तो हसला आणि बॅग उचलून किर्लोस्करवाडीला गाडी धरायला गेला. एवढं ताठ बोलायची काय गरज होती, म्हणून शालूबाई दोन दिवस स्वतःवरच चिडून होत्या. एक घडच तर होता.

तिसऱ्या दिवशी ऊन तापलं. आठवड्याभरात साखर बावीसवर. मेली थंडी, पोराच्या रजेपुरतीच मुक्कामाला आली होती!

तोडणीला बायका आल्या. त्यांतली पारूबाई पहिल्या वेलीला कात्री लावायला गेली, तशा शालूबाई ओरडल्या, "आगं, ती सोड! हितनं धर." दिवसभर क्रेट भरले, टेम्पो गेला. ती एक वेल सोडून सगळी बाग मोकळी झाली.

संध्याकाळी फोन आला तेव्हा शालूबाई त्याच वेलीखाली बसल्या होत्या.

"झाली तोडणी? आणि पहिला घड कुणी तोडला, आई?"

"कुणीच न्हाई रं," त्या म्हणाल्या. "आमी दुसऱ्या वेलीपास्नं सुरवात केली."